दोघांचं काम एका दांड्यात

काडतुसं भरायचं काम आमच्या घरात बायको करायची. एवढं सरळ वाक्य मी तिच्या हयातीत एकदाही कोणाला बोललो नाही. फेराइनमध्ये, म्हणजे आमच्या नेमबाजीच्या क्लबात, मी छाती काढून सांगायचो की मी घरी भरतो, विकतची वापरत नाही. लोक माना डोलवायचे. ती शेजारीच उभी असायची. पर्समधून कानात घालायचे बोळे काढून बसवायची.

मी सातवी पास. पिंपरीला लेथवर होतो. तिथल्या कंपनीने नवीन मशीन शिकायला म्हणून जर्मनीत न्युरेम्बर्गला पाठवलं, तो इथेच राहिलो. चाळीस वर्षं होत आली. माझी जर्मन कारखान्यातली, बोलायला पुरते, पण कागद समोर आला की घाम फुटतो. ती मॅट्रिक होती. तिच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. इथे आल्यावर ती एका औषधाच्या दुकानात लागली, मागच्या खोलीत मलमं आणि पावडरी तोलायला, आणि रिटायर होईपर्यंत तेच करत राहिली. कारखान्यातल्या एकाने मला फेराइनमध्ये नेलं, मी हिला नेलं. वर्षभरात ती माझ्यापेक्षा बरा नेम धरायला लागली. तेही मी कोणाला सांगितलं नाही.

इथे उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरायच्या तर सरकारी परवाना लागतो. दोन दिवसांचा वर्ग आणि मग परीक्षा, सगळं जर्मनमध्ये. मी बसलो आणि नापास झालो. ती बसली आणि पास झाली. म्हणजे बंदुकीच्या दारूला हात लावायचा हक्क कायद्याने तिचा, माझा नाही. मग आम्ही काम वाटून घेतलं. केलरमध्ये, म्हणजे घराखालच्या तळघरात, एक लांब टेबल टाकलं. उजवीकडे मी, डावीकडे ती. पुंगळ्या धुवायच्या, सुकवायच्या, उडवल्यावर त्या फुगतात त्या प्रेसमध्ये दाबून परत मापात आणायच्या, बुडातली जळकी टिकली पाडायची, हे माझं. टिकली म्हणजे ठिणगी पाडणारी बारीक टोपी. तिला खरं नाव वेगळं आहे, पण आम्ही दिवाळीतल्या पिस्तुलावरून टिकलीच म्हणायचो. माझ्या कामात दारू येत नव्हती, म्हणून परवाना लागत नव्हता. पन्नास पुंगळ्या झाल्या की लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या करायच्या आणि ठोकळा तिच्याकडे सरकवायचा. माझं संपलं. नवी टिकली, तोलून दारू, वर गोळी, हे सगळं तिचं.

प्रेस एकच, आणि तीही एका वेळी एकच काम करणारी. बायको दारू ओतताना मोजायची, "लाभ, दोन, तीन." दुकानात धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, ती लहानपणची सवय. पन्नास ओतून झाल्या की बॅटरी घ्यायची आणि एकेका पुंगळीत डोकावायची. एकदा डावीकडून उजवीकडे, एकदा उजवीकडून डावीकडे. मग गोळ्या बसवायच्या. मला त्या डोकावण्याचा राग यायचा. मी म्हणायचो, "सून पसंत करतेस का काय एकेक?"

"तुमचं झालं ना? मग वर जाऊन कुकर लावा."

तिचं बोलणं असंच होतं, आवाज न चढवता माणसाला उठवायची.

रेंजवर देखरेख करायला एक जर्मन म्हातारा असतो, माझ्याच वयाचा, पूर्वी टूलरूमला होता. त्याच्याकडे मी पहिल्यांदा प्रोग्रेसिव्ह प्रेस पाहिली आणि वेडा झालो. लेथवाल्या माणसाला ते यंत्र बघून काय होतं ते दुसऱ्याला नाही कळायचं. खाली एक गोल ताटली. तिच्यावर चार पुंगळ्या उभ्या, प्रत्येकीच्या डोक्यावर वेगळं हत्यार. दांडा खाली ओढला की एकीची जळकी टिकली पडते, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी दाबली जाते, चौथीचं तोंड आवळलं जातं. दांडा वर नेताना पहिलीला नवी टिकली बसते. मग अंगठ्याने ताटली एक घर पुढे सरकवायची आणि परत ओढायचा. प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस टोपलीत. त्याने नवीन घेतली तेव्हा ही जुनी तो विकायला काढणार होता. मी घरी येऊन हिला सांगितलं, आता तुझं ते डोकावणं बंद, संध्याकाळचं काम अर्ध्या तासात.

ती त्याच्या तळघरात येऊन यंत्र बघून गेली. नीट बघितलं. दांडा दोनदा ओढला. घरी आल्यावर म्हणाली, "आत काय पडलं ते बघायला हे थांबतं का? नाही ना थांबत? मग मी नाही बसणार त्याच्यापुढे. तुम्हाला परवाना मिळाला की तुम्ही बसा."

परवान्याचं ती मुद्दाम बोलली. मी चार दिवस तिच्याशी धड बोललो नाही. ते चार दिवस आता कुठून परत आणू.

मग ती आजारी पडली. स्वादुपिंडाचा आजार होता. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच वेळ कमी होता. त्या शरद ऋतूत जिल्ह्याची स्पर्धा होती आणि ती म्हणाली, चला खाली, शंभरेक भरून ठेवू. तिचे हात कापत होते. काट्यावर चिमूट टाकताना सांडत होतं, ती परत गोळा करत होती, परत तोलत होती. एक ठोकळा व्हायला सगळी दुपार गेली. मी बघत बसलो होतो आणि मला सहन होईना. पण सहन होत नाही असं म्हणायला जमलं नाही. मी म्हटलं, "राहू दे, विकतची आणतो. असा वेळ घालवून चालत नाही."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या हातची नको झाली का?"

दुसऱ्या दिवशी दुकानातून काडतुसांचे डबे आणले. ती परत केलरमध्ये उतरली नाही. फेब्रुवारीत गेली.

लोक म्हणतात दुःख हळूहळू कमी होतं. खोटं बोलतात. सुरुवातीला माणसं येतात, डबे येतात, फोन येतात, तेव्हा ते कमी वाटतं. नंतर ते घरात राहायला येतं.

परवाना तिच्या नावाचा, म्हणून तिच्यामागे दारू घरात ठेवता येत नव्हती. देखरेखवाला येऊन दारूचे डबे घेऊन गेला, तिचा परवाना मी आम्टमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत, जाऊन दिला. तिच्या नोंदींची वही तेवढी राहिली. मला वाटलं त्यात काहीतरी सापडेल, दोन शब्द माझ्यासाठी नाही तरी कोणासाठी तरी. काही नव्हतं. नुसते आकडे होते.

आमची एकुलती मुलगी म्युनिकजवळ गार्चिंगला असते, तिथल्या एका संशोधन संस्थेत. जावई पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, भला माणूस. मुलीला मराठी येतं पण रागावली की ती जर्मनमध्ये जाते. महिनाभर राहिली आणि निघताना जर्मनमध्ये म्हणाली की पिस्तुलं विकून टाका, घर बंद करा आणि आमच्याकडे चला. मी म्हटलं, नाही. मला शनिवारी फेराइनला जायचं असतं. आठवड्यात तेवढे तीन तास मी माणसांत असतो, तेही गेले तर मी घरातच कुजेन. आणि तिथे मी घरी भरणारा माणूस आहे. विकतच्या डब्यानिशी मला तिथे उभं राहायचं नव्हतं. मूर्खपणा आहे, पण तसं होतं.

ती म्हणाली, "आईशिवाय तुम्हाला ते जमणार नाही, बाबा."

मला ते लागलं. मी शब्द दिला. म्हटलं, एक वर्ष बघ. माझ्या हातून एक जरी चूक झाली तर मी स्वतः तुला सांगेन, सगळं देऊन टाकेन आणि तुझ्याकडे येईन. तू विचारायची गरज नाही. तिने माझ्याकडे बघितलं, आईसारखंच, आणि गाडीत बसली.

मग मी एकाहत्तराव्या वर्षी परत त्या वर्गात जाऊन बसलो. देखरेखवाल्याने माझ्याकडून उत्तरं पाठ करून घेतली, दर मंगळवारी, दोन महिने. चुकलं की म्हणायचा, माझा कुत्रा याच्याआधी पास होईल. त्याचा कुत्रा आंधळा होता. पास झालो. पोलिसांकडचे कागद झाले, परवाना माझ्या नावाने आला. तो घेऊन घरी आलो तेव्हा दार उघडून सांगायला तोंड उघडलं होतं मी.

त्या म्हाताऱ्याने जुनी प्रोग्रेसिव्ह प्रेस अजून विकली नव्हती. त्याने आणून टेबलावर बोल्टने बसवून दिली, बरोबर मधोमध, ना माझ्या बाजूला ना तिच्या. त्याने दारूचं माप लावून दिलं आणि सगळं समजावलं. ताटली एक घर सरकवायची विसरलास तर एकाच पुंगळीत दोनदा दारू पडेल आणि पिस्तूल हातात फुटेल. दोनदा सरकवलीस तर एक पुंगळी बिनदारूची जाईल आणि गोळी नळीत अडकेल. म्हणून दर ओढीला आत बघ. दिवा लावून बघ. मी म्हटलं, गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर, चाळीस वर्षं मशीन चालवलीय मी.

आणि यंत्र चाललं. लोण्यासारखं चाललं. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात दोनशे झाली. आमची दोघांची दोन संध्याकाळींची कामगिरी. माझं काम, तिचं काम, सगळं एका दांड्यात. टोपली भरली आणि मी घड्याळ बघितलं. साडेचार वाजले होते. आता काय करायचं? वर जायचं. वर कोण आहे? इतकी वर्षं मी भांडलो की वेळ वाचला पाहिजे. वाचला. तो घेऊन मी केलरच्या पायरीवर बसलो.

तरी भरत राहिलो, कारण दुसरं काही नव्हतं. दोन हजार तरी भरली असतील. निम्म्याहून जास्त रेंजवर उडाली, सगळी नीट. फेराइनमध्ये लोक म्हणाले, बघा, एकट्याने करतो. मुलीला फोनवर सांगितलं, जमतंय. ती म्हणाली, छान.

नोव्हेंबर महिन्यातला शनिवार होता. मी माझ्या लेनवर उभा होतो, देखरेखवाला डावीकडच्या लेनवर स्वतःही नेम धरत होता. मी दाबलं आणि आवाज आला नाही. म्हणजे आला, पण फुस्स. कोणीतरी उसासा टाकावा तसा. हाताला धक्का नाही. पिस्तूल आपोआप पुढचं काडतूस घेत नाही अशा वेळी. आणि माझ्या हाताने काय करावं? अडकलं की मागे ओढून पुढे करायचं ही सवय, त्या हाताने तेच केलं. पुढचं काडतूस आत गेलं. मी परत नेम धरला.

माझ्या मनगटावर हात पडला. घट्ट. म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "बोट काढ. ठेव खाली."

ठेवलं. त्याने पिस्तूल रिकामं केलं, खोललं, नळीतून दिवा धरला. उजेड आला नाही. गोळी मधोमध बसली होती. मी दुसरी मारली असती तर नळी फाटली असती. माझ्या हाताचं मला काही नाही. पण तो डावीकडे होता, हातभर अंतरावर.

त्याने लाकडी दांड्याने गोळी ठोकून बाहेर काढली, माझ्या तळव्यावर ठेवली आणि म्हणाला, घरी जितकी आहेत तितकी सगळी फोड.

भरलेलं काडतूस फोडायला प्लास्टिकचा एक हातोडा मिळतो. त्याच्या डोक्यात काडतूस उलटं अडकवायचं आणि फरशीवर आपटायचं. दोन-तीन दणक्यांत गोळी आणि दारू सुटून आत पडतात. सहाशेच्या वर होती. मी नऊ दिवस आपटत होतो. वरच्या मजल्यावरची बाई खाली येऊन विचारून गेली की घर दुरुस्त करताय का. मी हो म्हटलं, काय सांगणार.

दुसरी एक बिनदारूची सापडली. आणि सातव्या दिवशी एक अशी सापडली की हातोड्यातून दारू पडतच राहिली. मी ती पहिल्यांदाच बायकोच्या काट्यावर तोलली. काटा कसा लावायचा तेही मला नीट माहीत नव्हतं. बरोबर दुप्पट भरली. कणभर इकडेतिकडे नाही. यंत्राने दोन्ही वेळा चोख माप टाकलं होतं. चूक माझी होती.

मग मी यंत्र रिकामं चालवून बघितलं, दारूशिवाय, माझा हात काय करतो ते बघायला. दिवसभर ओढत बसलो तेव्हा दिसलं. जळकी टिकली पडली, पुंगळी मापात आली, की माझा अंगठा ताटली दामटायचा. ठोकळा तिच्याकडे सरकवावा तसा. माझ्या हाताला इतकंच माहीत होतं, रिकामी पुंगळी तयार करायची आणि पलीकडे ढकलायची. पलीकडे कोणीतरी आहे, ती बघेल. कधी अंगठा दोनदा दामटायचा, कधी दामटल्यासारखं वाटून थांबायचा. आणि आत बघ म्हणून मला हजार वेळा सांगितलं तरी माझी मान वाकत नव्हती, कारण ती कधी वाकलीच नव्हती. दारू भरलेल्या पुंगळीत मी तीस वर्षांत एकदाही डोकावलो नाही. मला काडतुसं भरता येत नव्हती. कधीच येत नव्हती.

पुढच्या मंगळवारी मी ती दुप्पट दारू एका बाटलीत घालून म्हाताऱ्याकडे गेलो. समोर ठेवली. म्हटलं, हे माझं काम. आणि म्हटलं, आधीची सगळी बायको भरायची. मी नुसत्या रिकाम्या धुवायचो.

तो बाटली उजेडात धरून बघत राहिला. मग म्हणाला, "ते सगळ्यांना माहीत होतं."

"सगळ्यांना?"

"तू भरतोस असं वाटलं असतं तर मी इतकी वर्षं तुझ्या शेजारची लेन घेतली असती का? बायको आहे मला."

मी हसलो. तोही हसला. मग मला ते थांबवता येईना आणि ते हसणं राहिलं नाही. त्याने दुसरीकडे तोंड केलं आणि कुत्र्याला उगीच हाक मारली.

मी निघताना तो म्हणाला की हे त्याने कुठे लिहिलेलं नाही, कोणाला कळवणारही नाही. दर मंगळवारी तो माझ्याजवळ बसेल, मी ओढेन, तो बघेल. चांगुलपणाने म्हणाला. मी घरी जाताना ट्राममध्ये विचार केला की असंही होऊ शकतं. मुलीला कसं कळणार? कळणार नाही. अजून वर्ष संपायचं होतं. चार दिवस मी तो विचार घरात घेऊन फिरलो. पण दुसऱ्याने डोकावायचं आणि मी छाती काढायची, हे मी एकदा केलं होतं. ज्या माणसाबरोबर केलं तिला मी शेवटी वेळ घालवू नको म्हणालो. ते परत दुसऱ्याबरोबर करायला मला जागा उरली नव्हती.

पिस्तुलं, दारू, टिकल्या, यंत्र, सगळं म्हाताऱ्याला नेऊन दिलं. परवाना आम्टमध्ये परत केला. खिडकीतल्या बाईने विचारलं की मुदत अजून बरीच आहे, कारण काय लिहू. मी म्हटलं, नको आहे, लिहा. तिने तसंच लिहिलं.

मग मुलीला फोन केला. एका दमात सगळं सांगितलं, फुस्सपासून दुप्पटपर्यंत.

"कोणाला लागलं का, बाबा?"

"नाही."

"तुम्हाला?"

"नाही."

"मग सांगितलंत कशाला? मला कळलंही नसतं."

"म्हटलं होतं ना सांगेन."

मला वाटलं आता जर्मनमध्ये जाईल. गेली नाही. म्हणाली, "कधी येऊ न्यायला?"

मी म्हटलं, शनिवारी ये. शनिवारी आता मला कुठे जायचं नसतं.